कृत्रिम निनाद आणि संगणकाची शक्ती



विजापूरच्या गोलघुमटात उच्चारलेला एखादा शब्द पुन्हा पुन्हा परत येतो, हे तेथे जाऊन आलेल्यांना ठाऊक आहे. थोड्याफार प्रमाणात प्रत्येक बंदिस्त वास्तू हेच करीत असते. भिंती, छत आणि जमीन यांवरून परावर्तित झालेले असंख्य ध्वनी एकमेकांत मिसळतात आणि मूळ स्वर थांबल्यावरही काही काळ रेंगाळतात. यालाच निनाद म्हणतात. पडदे लावलेल्या लहान खोलीत मुद्रित केलेला आवाज कोरडा वाटतो, तो निनादाच्या अभावी. हा उणेपणा आज संगणकातील ‘प्लगइन’ नावाच्या पूरक आज्ञावली भरून काढतात. परंतु त्याची किंमत संगणकाला गणिताच्या रूपाने चुकवावी लागते. ती किती चुकवावी, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

वास्तूशी सर्वांत प्रामाणिक असा मार्ग संवलनाचा. सभागृहात क्षणमात्र टिकणारा आघातध्वनी करून वास्तूने त्याला दिलेला प्रतिसाद मुद्रित करायचा आणि गायकाच्या आवाजाच्या प्रत्येक नमुन्याला त्या प्रतिसादाच्या प्रत्येक नमुन्याने गुणून त्यांची यथाक्रम बेरीज करायची. कॉम्पॅक्ट डिस्कवर एका सेकंदाचा आवाज 44,100 नमुन्यांत साठविला जातो. तीन सेकंद टिकणाऱ्या निनादाचे नमुने 1,32,300 होतात. म्हणजे एकाच वाहिनीसाठी दर सेकंदाला 583 कोटींहून अधिक गुणाकार करावे लागतात.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मानफ्रेड श्रोडर यांनी या प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. 1961 आणि 1962 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कार्यामागील विचार असा, की संपूर्ण वास्तूची नक्कल करण्याची गरज नाही. कानाचे समाधान झाले म्हणजे पुरे. प्रतिध्वनी सेकंदाला सुमारे 1,000 इतके दाट झाले, की कानाला ते सुटे ओळखता येत नाहीत. थोड्या विलंबाने आवाज पुन्हा स्वतःतच मिसळणारी चार वलये समांतर ठेवून त्यांच्यापुढे आणखी दोन घटक एकामागे एक जोडले, की दर नमुन्यामागे डझनभर गुणाकारांत काम भागते. मात्र या काटकसरीलाही मर्यादा आहे. तबल्याच्या थापेसारखा तुटक आघात या रचनेतून गेला, की त्यामागे धातूसारखी खणखण ऐकू येते.

पुढे 1965 साली कूली आणि ट्यूकी यांनी जलद फूरिए रूपांतराची रीत मांडली आणि 1966 साली स्टॉकहॅम यांनी ती संवलनाला लावून दाखविली. गुणाकारांची संख्या फार मोठ्या प्रमाणात घटली. पण नवी अडचण उभी राहिली. या रीतीत नमुन्यांचा गट जमेपर्यंत थांबावे लागते. 1,024 नमुने जमण्यास सुमारे 23 मिलिसेकंद लागतात. स्वतःचा आवाज कर्णफोनातून असा उशिरा ऐकू आला, की गायकाचा ताल डळमळू लागतो. 1995 साली विल्यम गार्डनर यांनी यावर तोड सुचविली. प्रतिसादाचा आरंभीचा भाग थेट गुणाकाराने सोडवावा, आणि पुढचे भाग क्रमाने मोठ्या होत जाणाऱ्या गटांत घ्यावेत.

या इतिहासातून व्यवहाराचे काही नियम निघतात. गायक माइकसमोर असताना विलंब कमी असणे महत्त्वाचे. तेव्हा गट 256 नमुन्यांचा, म्हणजे सुमारे 6 मिलिसेकंदांचा ठेवावा आणि निनाद हलका वापरावा. गट वेळेत पूर्ण झाला नाही, तर आवाजात खंड पडतो व तडतड ऐकू येते. मुद्रण संपल्यावर विलंबाची चिंता उरत नाही; तेव्हा गट मोठा करून संवलन वापरावे. शिवाय दहा वाद्यांना एकाच सभागृहाचा निनाद द्यायचा असेल, तर दहा प्लगइन लागत नाहीत. आधी बेरीज करून मग निनाद दिला, किंवा आधी निनाद देऊन मग बेरीज केली, तरी उत्तर एकच येते. येथे काटकसरीने गुणवत्तेचे काहीही बिघडत नाही.

विरूपण करणाऱ्या प्लगइनला मात्र हा न्याय लागू नाही. 15,000 हर्ट्झच्या स्वरापासून त्याच्या तिप्पट, म्हणजे 45,000 हर्ट्झचा स्वर निर्माण झाला, तर 44,100 नमुन्यांच्या मापात तो मावत नाही आणि 900 हर्ट्झचा खोटा स्वर बनून परत येतो. मूळ स्वराशी त्याचे कसलेही नाते नसते. नमुने चौपट केले तर हा दोष टळतो; पण काम चौपटीहून कमी होत नाही. तरीही तेथे ते करणे योग्य ठरते, कारण फरक कानाला स्पष्ट कळतो.

जुना संगणक घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याने या चर्चेतून निराश होण्याचे कारण नाही. दोन पर्याय सारख्याच मोठ्या आवाजात, कोणता कोणता आहे हे न पाहता ऐकावेत. फरक जाणवला, तर संगणकाला अधिक श्रम द्यावेत. जाणवला नाही, तर ती शक्ती दुसऱ्या कामासाठी राखून ठेवावी. गुणवत्तेचा निवाडा गुणाकारांच्या संख्येवर होत नसतो. तो कानावरच होतो.