समुद्राने जपलेली साठ हजार भांडी
(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समुद्राच्या तळाशी सापडलेल्या एका जहाजावर बोलायचे आम्ही पत्करले, तेव्हा काही मंडळींनी विचारले की, या विषयाचा आपल्या संस्थेशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. ज्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही, अशा माणसांच्या हातचे काम या जहाजात जसेच्या तसे सापडले आहे, एवढाच संबंध आहे आणि आमच्या मते तो पुरेसा आहे.

पाण्याखाली सापडलेल्या गोष्टींचा विषय निघाला की लोकांना बुडालेली सोन्याची नगरी हवी असते. समुद्रात दगडांची ओळ दिसली रे दिसली की कोणी ती एखाद्या पुराणातल्या राजाची राजधानी ठरवून मोकळा होतो. तपासणी मागाहून होते, कधी कधी होतच नाही. आज आम्ही सांगणार आहोत ती हकीकत तशी नाही. तिच्यात राजवाडा नाही, चमत्कार नाही. वाडगे आहेत. पण ते साठ हजारांच्या घरात आहेत.

इंडोनेशियात सुमात्रा आणि बोर्निओ या दोन मोठ्या बेटांच्या मध्ये बेलितुंग नावाचे बेट आहे. तेथील पाणबुडे समुद्रकाकडी गोळा करण्यासाठी तळाशी जातात. समुद्रकाकडी हा काकडीच्या आकाराचा एक जीव. तो वाळवून विकला जातो. १९९८ साली हे काम करणाऱ्या पाणबुड्यांना किनाऱ्यापासून जवळच, सुमारे ५० ते ५५ फूट खोलीवर, तळावर एक उंचवटा लागला. त्यात पोवळ्यांनी एकमेकांना चिकटलेली भांडी होती. जवळच्या खडकाला तिकडे ‘बातू हितम’, म्हणजे काळा दगड, म्हणतात. अशा एखाद्या खडकावर आपटूनच जहाज बुडाले असावे, असा तर्क आहे.

१९९८ आणि १९९९ अशा दोन हंगामांत ते जहाज उकलण्यात आले. मोसमी वारे सुरू झाले की काम थांबवावे लागे. जे हाती आले त्याचा हिशेब ऐका. सुमारे साठ हजार मातीची भांडी. जहाजाला स्थिरता यावी म्हणून तळाशी टाकायचे वजन, ज्याला आपले दर्यावर्दी नीरम म्हणतात, ते सुमारे दहा टन शिशाच्या रूपात. काशाचे आरसे. चांदीच्या लगडी. नाचणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांच्या आकृती असलेला अष्टकोनी सोन्याचा पेला. पांढऱ्यावर निळी नक्षी असलेल्या तीन अखंड थाळ्या. चिनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे हे सर्वांत जुने अखंड नमुने समजले जातात. आणि खलाशांच्या रोजच्या वापरातले सामान : वजने, फासे, सुई, आणि चक्क पाटा-वरवंटा. मसाला वाटल्याशिवाय जेवण नाही, हे त्या जहाजावरच्या स्वयंपाक्यालाही ठाऊक होते म्हणायचे.

सोन्याच्या पेल्याचे फोटो सगळीकडे छापून आले. आम्हांला मात्र वाडग्यांबद्दल बोलायचे आहे.

हे वाडगे चीनच्या हुनान प्रांतातील चांग्शा शहराजवळच्या भट्ट्यांत भाजलेले आहेत. ती दरबारासाठी बनवलेली नाजूक भांडी नव्हेत. ती घाऊक विक्रीची, परदेशी पाठवायची भांडी आहेत. कारागीर वाडग्याचा काठ चारही बाजूंनी एकेकदा तपकिरी रंगात बुडवी, त्यामुळे मध्ये आपोआप चौकोन उरे. त्या चौकोनात तो कुंचल्याच्या चार-सहा फटकाऱ्यांनी चित्र काढी. पक्षी, मासा, ढग, कमळ, वेलबुट्टी. काही वाडग्यांवर चिनी कवितेच्या ओळी, काहींवर अरबी लिपीसारखी वळणे. ती वळणे काढणाऱ्याला अरबी वाचता येत असेल असे वाटत नाही. पण कोणत्या गिऱ्हाईकाला काय आवडते, ते त्याला नक्की माहीत होते. एका वाडग्यावर ‘चहाचा वाडगा’ असे साधे शब्द लिहिले आहेत. साठ हजार वाडग्यांत दोन चित्रे तंतोतंत सारखी मिळणार नाहीत, कारण प्रत्येक चित्र हाताने काढलेले आहे. दिवसाला किती वाडगे रंगवायचे आणि किती मजुरीवर, याचा कागद मागे राहिलेला नाही. कुंचला घाईने फिरलेला दिसतो, आणि तरीही पक्षी उडतो.

आता हे वाडगे इतकी शतके टिकले कसे? भरणारे हमाल हुशार होते. मोठाल्या रांजणांत वाडगे गोल गोल रचून भरले होते. एकेका रांजणात शंभराहून अधिक. जहाज तळाला बसल्यावर गाळाने ते झाकले गेले. गाळाखाली हवा पोहोचत नाही, लाकूड पोखरणारे किडेही पोहोचत नाहीत. म्हणून तळाचे काही लाकूडसुद्धा वाचले. वर काढल्यावर मात्र धोका सुरू होतो. भांड्यांत मुरलेले मीठ सुकले की झिलईचे पोपडे उडतात. त्यासाठी ती महिनोन् महिने गोड्या पाण्यात ठेवून मीठ उतरवावे लागते.

जहाज केव्हाचे, हेही एका वाडग्यानेच सांगितले. त्यावर तिथी कोरलेली आहे : बाओली संवत्सराच्या दुसऱ्या वर्षातील सातव्या महिन्याचा सोळावा दिवस. आपल्या हिशेबाने इसवी सन ८२६. म्हणजे त्यानंतर थोड्याच काळात हे जहाज बुडाले. तेव्हा चीनमध्ये तांग घराण्याचे राज्य होते, बगदादेत अब्बासी खलिफा होते, आणि जावा बेटावर बोरोबुदूरचा महान स्तूप त्याच सुमारास उभा राहिला होता. बोरोबुदूरच्या भिंतींवर शिडांची जहाजे कोरलेली आहेत, हे आपल्यापैकी अनेकांनी चित्रांत पाहिले असेल.

या पाण्यातून भिक्खूही जात असत. चिनी भिक्खू इत्सिंग इ. स. ६७१ मध्ये चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून एका इराणी व्यापाऱ्याच्या जहाजाने निघाला, सुमात्रातील श्रीविजय येथे उतरला आणि सहा महिने संस्कृत व्याकरण शिकला. मग ताम्रलिप्तीमार्गे नालंदेला आला. श्रीविजयात एक हजाराहून अधिक भिक्खू होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे नवव्या शतकात सुवर्णद्वीपाच्या बालपुत्रदेव राजाने नालंदेत विहार बांधला आणि पाल राजा देवपालाने त्यासाठी पाच गावे दिली. तो ताम्रपट १९२१ साली नालंदेच्या उत्खननात मिळाला. इकडे मात्र बौधायनाच्या धर्मसूत्राने समुद्रप्रवास हे माणसाला पतित करणारे कर्म ठरवले होते. ज्या समुद्रावरून भिक्खू, कुंभाराची भांडी आणि अरबांची जहाजे बिनदिक्कत ये-जा करीत होती, त्याच समुद्राची काहींना विटाळाची भीती वाटत होती! असो.

जहाजाची बांधणी ही या शोधातली सर्वांत नवलाची गोष्ट. माल चिनी, पण जहाज चिनी नव्हे. त्यात लोखंडाचा एकही खिळा नव्हता. सुमारे १८ मीटर लांबीचे ते जहाज दोरीने शिवलेले होते. फळीच्या कडेला भोके पाडायची, दुसरी फळी तिला भिडवायची, आणि गोधडीला टाके घालावेत तसे दोराने घट्ट टाके घालत जायचे. पश्चिम हिंदी महासागरातली ही फार जुनी पद्धत. अरबस्तानापासून आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत ती चालत असे. शिवलेले जहाज लवचीक असते, लाटेबरोबर थोडे वाकते. लाकूड तपासले तेव्हा बऱ्याच फळ्या आफ्रिकेतल्या झाडांच्या निघाल्या आणि आडव्या तुळया सागाच्या. सांध्यांत भरलेली साल मात्र आग्नेय आशियातल्या झाडाची आहे. त्यावरून वाटेत कोठे तरी हे जहाज पुन्हा शिवले गेले असावे, असे अभ्यासक मानतात. आफ्रिकेचे लाकूड, बहुधा अरब सुतार, चीनचा कुंभार आणि दुरुस्ती करणारा मलायाकडचा कोणी खलाशी, एवढ्यांचे हात त्या एका लाकडी पोटात आहेत. चीन आणि पश्चिम आशिया यांच्यात थेट समुद्री व्यापार होता, हे तोवर ग्रंथांतून माहीत होते. प्रत्यक्ष जहाज प्रथमच हाती आले.

ही विद्या मेलेली नाही, हे सांगताना आनंद होतो. बेलितुंगच्या जहाजाच्या नमुन्यावरून ओमानमध्ये एक जहाज बांधण्यात आले, तेव्हा ते शिवायला केरळचे दोरीकाम करणारे कारागीर गेले होते. काथ्याच्या दोराने शिवलेले ते जहाज २०१० मध्ये मस्कतहून निघून सिंगापूरला सुखरूप पोहोचले. त्यानंतर आपल्या अजिंठ्याच्या चित्रातील पाचव्या शतकातल्या जहाजावरून गोव्यात तसेच एक शिवलेले जहाज बांधण्यात आले. तेही केरळच्या कारागिरांनी शिवले. मे २०२५ मध्ये कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ते भारतीय नौदलात दाखल झाले. नौदलाच्या तज्ज्ञांनी आकडेमोड केली हे खरे. पण किती दाब दिला म्हणजे टाका बसतो आणि किती दिला म्हणजे तुटतो, हे कारागिराच्या बोटांनाच कळते. ज्या विद्येला कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती, तिच्याकडे शेवटी सरकारला जावे लागले.

येथे आम्हांला आपल्या लेण्यांची आठवण होते. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार करणाऱ्या धेनुकाकटच्या सामी नावाच्या वाढईचे, म्हणजे सुताराचे, नाव तेथे कोरलेले आहे. नाशिकच्या लेण्यांत मुगुदास नावाच्या कोळ्याने सहकुटुंब लेणे दान दिल्याचा लेख आहे. सुताराचे आणि कोळ्याचे नाव दगडावर लिहिण्याची चाल आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी होती. बेलितुंगच्या जहाजात तसे नाव नाही. भांड्यावर तिथी आहे. ती लिहिणारा कोण, हे ठाऊक नाही.

आता या प्रकरणाची दुसरी बाजू. हे उत्खनन विद्यापीठाने किंवा सरकारच्या पुरातत्त्व खात्याने केले नाही. इंडोनेशिया सरकारच्या परवान्याने एका खासगी कंपनीने ते केले. १९९८ मध्ये सुहार्तो सत्तेवरून पायउतार झाले होते, देशात अंदाधुंदी होती, आणि रात्री-अपरात्री भांडी चोरीला जात होती. कंपनीचे म्हणणे असे की, आम्ही घाई केली नसती तर सगळेच गेले असते. पुरातत्त्वज्ञांचे म्हणणे असे की, विकण्यासाठी खणणाऱ्याचे लक्ष मालावर असते. गाळातली बी, दोराचा तुकडा, वस्तूची नेमकी जागा यांना बाजारात किंमत नसते, आणि इतिहास तर त्यांतूनच कळतो. २००५ मध्ये हा संग्रह सिंगापूरसाठी सुमारे ३ कोटी २० लाख डॉलरना विकत घेण्यात आला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत २०१२ साली त्याचे प्रदर्शन भरायचे होते. २०११ मध्ये जाणकारांनी हरकत घेतली, तेव्हा ते आधी पुढे ढकलले गेले आणि मग रद्दच झाले. पाण्याखालच्या वारशाचा व्यापार करू नये, असा करार युनेस्कोने २००१ मध्ये संमत केला होता आणि २००९ पासून तो लागूही झाला होता. हरकतीमागे तेच तत्त्व होते.

आमचे मत विचाराल तर हरकत घेणाऱ्यांचे तत्त्व बरोबर होते. पूर्वजांच्या श्रमाला बोली लावणे आम्हांला पटत नाही. परंतु वाडगे लोकांच्या नजरेआड ठेवून त्या तत्त्वाची सेवा झाली, असेही आम्हांला वाटत नाही. दोष विक्रीचा होता, वाडग्यांचा नव्हता. निदान एवढे तरी झाले की, संग्रह फुटून शंभर श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत गेला नाही. बहुतेक सगळा एका जागी राहिला. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीने त्यातील वस्तू मांडल्या, तेव्हा या वादाचीही चर्चा झाली. आम्हांला तो मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो.

२०१५ पासून हा संग्रह सिंगापूरच्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममध्ये स्वतंत्र दालनात ठेवला आहे. आपल्या वस्तीतली काही मुले नोकरीनिमित्त तिकडे जातात. गेलात तर सोन्याच्या पेल्यापुढे गर्दी असेल. ती टाळून वाडग्यांकडे जा आणि दहा-वीस वाडगे एकेक करून पाहा. काठावरचे चार तपकिरी डाग पाहा. काही ठिकाणी डाग एकमेकांत मिसळले आहेत, काही ठिकाणी कमी बुडाल्यामुळे चौकोन वाकडा झाला आहे. भट्टीवाल्याने ते बाद केले नाहीत. इतरांबरोबर रांजणात भरून पाठवून दिले.