पावसातलं कोल्हापूर चालत पाहावं
(रेडिओवरील भाषण)



जुलै महिना लागला, की कोल्हापूरच्या रेल्वे स्टेशनवर आणि मध्यवर्ती बसस्थानकावर पाठीला मोठी सॅक लावलेली तरुण मुलं-मुली उतरताना दिसतात. कुणी पुण्याकडचं, कुणी बंगळूरचं, एखादं परदेशातलं. बाहेर पाऊस कोसळत असतो. बरीचशी मंडळी लॉजवर जाऊन बसतात आणि आजचा दिवस वाया गेला म्हणून हळहळतात. मला मात्र मनापासून वाटतं, की कोल्हापूर ओळखायचं तर पावसाचाच दिवस धरावा. हे गाव पाण्यानं घडवलंय, आणि पाणी काय करतं ते पावसातच दिसतं.

सकाळी अंबाबाईच्या देवळापासून निघावं. मावळतीची किरणं गाभाऱ्यात देवीपर्यंत पोहोचतात तो किरणोत्सव नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस असतो. जुलैत तो मिळत नाही. पण भिजलेल्या काळ्या दगडाचं देऊळ जुलैतच मिळतं. एरवी उन्हात डोळे दिपतात आणि बाहेरच्या भिंतीवरून नजर घसरते. पावसात दगड गडद होतो, कोरीवकाम उठून दिसतं. भिंतींवरच्या शिल्पांपाशी अशा वेळी सावकाश थांबावं. गर्दीही जरा कमी असते.

तिथून टाऊन हॉल. ही इमारत १८७०च्या दशकातली. नवा राजवाडा ज्यांनी आखला, त्या मेजर मँट यांच्याच हातची. आत संग्रहालय आहे, आणि पावसाच्या दिवसासाठी मी सगळ्यात आधी हीच जागा सुचवीन. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीचं टेकाड आहे. १९४० नंतरच्या दशकात तिथं उत्खनन झालं, तेव्हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं नांदतं गाव उजेडात आलं. तिथल्या वस्तूंमध्ये एक लहानशी कांस्यमूर्ती निघाली. ती पॉसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. समुद्रापलीकडून जहाजानं आलेला हा देव कोकणातल्या कुठल्यातरी बंदरावर उतरून, सह्याद्रीचा घाट चढून पंचगंगेकाठी पोहोचला असणार. परक्या मुलखातून इथं येणारी माणसं आणि वस्तू आपल्याला सातवाहनांच्या काळापासून ठाऊक आहेत. सॅक घेऊन आलेल्या पोरानं या मूर्तीसमोर उभं राहावं. आपण इथले पहिले पाहुणे नाही, हे त्याला कळेल.

दुपारी भूक लागली की गरम मिसळ खावी, किंवा तांबडा-पांढरा रस्सा. मग खासबाग. शाहू महाराजांनी १९०२ साली युरोपचा प्रवास केला, तेव्हा रोममधलं प्राचीन रिंगण पाहिलं. परत आल्यावर त्यांनी कोल्हापुरात हे कुस्तीचं मैदान बांधायला घेतलं आणि १९१२ साली ते उभं राहिलं. मधे आखाडा, भोवती चढत गेलेली बसायची जागा, त्यामुळं शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. पावसाळ्यात मोठी मैदानं होत नाहीत, पण तालमीतला सराव चालू असतो. गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत वस्तादांची परवानगी घेऊन, चपला बाहेर काढून, एका बाजूला बसावं. तेल, ताक, हळद घालून मुरवलेल्या लाल मातीचा वास पावसाळी हवेत दाटून राहतो. हे शहर शरीराच्या मेहनतीला किती मान देतं, ते तिथं अर्ध्या तासात उमगतं.

चपलांवरून आठवलं. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल जरूर घ्यावी, पण ती पिशवीत ठेवावी. चामड्याला पाणी सोसत नाही. आम्ही कोल्हापूरकरही पावसाळ्यात ती माळ्यावर ठेवतो.

आता नदी. पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती. प्रयाग चिखलीला या एकत्र येतात. त्यांचं पाणी येतं पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातून. गगनबावड्याला शहराच्या कित्येक पट पाऊस पडतो. म्हणून शहरात चक्क ऊन पडलेलं असतानाही नदी चढत राहते, आणि नवख्या माणसाची फसगत इथंच होते. राधानगरी धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपसूक उघडतात. शाहू महाराजांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी ज्या धरणाचं काम हाती घेतलं, त्याचा किती नंबरचा दरवाजा उघडला, याची बातमी आजही घराघरांत पोहोचते. चहाच्या गाड्यावर, रिक्षात, दवाखान्यात एकच प्रश्न असतो : पाणी किती फुटांवर आहे? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पाणी नदीजवळच्या जामदार क्लबपर्यंत आलं म्हटलं, की पुढचं कुणाला सांगावं लागत नाही. २०१९ आणि २०२१ साली पातळी ५५ फुटांच्या वर गेली आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला.

म्हणून प्रवाशांना माझी कळकळीची विनंती आहे. नदी लांबून पाहा. घाटाच्या पायऱ्या उतरू नका, पुलावर फोटोसाठी रेंगाळू नका, पोलिसांनी लावलेला अडथळा ओलांडू नका. सातव्या शतकात चीनहून आलेला ह्यूएन त्संग हा पायी फिरणाऱ्यांचा थोर पूर्वज. वर्षानुवर्षं हिंडून त्यानं पोथ्या गोळा केल्या, आणि परतताना सिंधू नदीत वादळ उठलं, नाव हेलकावली आणि काही पोथ्या पाण्यात गेल्या. एवढ्या अनुभवी प्रवाशालाही नदीनं सोडलं नाही.

हाच ह्यूएन त्संग चालुक्य राजा पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला होता. इथली माणसं स्वाभिमानी आहेत, अपमान विसरत नाहीत, पण उपकाराची जाण ठेवतात आणि अडचणीत धावून येतात, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलं. त्यानंतर जवळपास चौदाशे वर्षांनी, २०१९च्या महापुरात महामार्गावर अडकलेल्या परप्रांतीय ट्रकचालकांना आसपासच्या गावांनी जेवू घातलं. स्वतःच्या घरात पाणी शिरण्याची भीती असताना घातलं.

संध्याकाळी पाऊस जरा उघडला, तर रंकाळा तलावावर जावं. रात्री गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, समोर म्हशीचं धारोष्ण दूध काढून देतात, ते प्यावं. ओल्या अंगानं चाललेल्या दिवसाचा शीण तिथं उतरतो.

आणि श्रोतेहो, आपल्यासाठी एक काम. बसस्थानकावर सॅक घेतलेलं कुणी आकाशाकडं बघत उभं असेल, तर "पावसात काय बघणार" असं म्हणू नका. त्याला टाऊन हॉलची वाट दाखवा. आज पाणी किती फुटांवर आहे आणि कोणता रस्ता बंद आहे, तेही सांगा. आपल्याला रोज ठाऊक असलेली ही माहिती परक्या माणसाचा जीव वाचवू शकते, आणि त्याचा दिवसही सार्थकी लावू शकते.