कमी गुणांचं काय सांगायचं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

निकालांचे दिवस आले की माझ्याकडे मुलांचे फोन सुरू होतात. काही ओळखीतली, काही ओळखीच्यांच्या ओळखीतली. मी एका दोनशे खाटांच्या रुग्णालयात प्रशासक आहे, आणि या मुलांना रुग्णालय प्रशासनाचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं असतं. आधी कॉलेजं कुठली, फी किती, नोकरी मिळते का, असं सगळं विचारून होतं. मग मुलगा जरा थांबतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "मॅडम, पदवीला मार्क कमी आहेत. चालेल का?"

"किती?" म्हटलं की उत्तर यायला वेळ लागतो. हा वेळ माझ्या चांगला ओळखीचा आहे. २००३ साली मी बीएस्सी झाले ती ४६ टक्क्यांनी, तीही दुसऱ्या वर्षाची फिजिक्सची एटीकेटी सोडवून.

असं का झालं, याचं उत्तर साधं होतं. दहावीपर्यंत मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात मराठी माध्यमात शिकले. मार्क चांगले पडले म्हणून सगळ्यांनी सायन्सला घातलं. कॉलेजात सगळं इंग्रजीतून. सर काय सांगतात ते कळत नव्हतं, आणि कळत नाही हे सांगायची लाज वाटत होती. मागच्या बाकावर बसून मी तीन वर्षं फळ्यावरचं वहीत उतरवून घेतलं. वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांनी गुणपत्रिका पाहिली, घडी घालून परत दिली. बोलले काहीच नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मग एका धर्मादाय रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर नोकरी लागली. नाव, वय, पत्ता, कुठल्या डॉक्टरांना दाखवायचं, दिवसभर हेच. पण त्या खिडकीतून रुग्णालय दिसतं ते आतून दिसत नाही. सकाळी दहाला डॉक्टर राउंडला सांगायचे, "यांना आज घरी सोडा." आणि तो पेशंट बाहेर पडायचा संध्याकाळी. नातेवाईक गाठोडं बांधून जिन्यात बसलेले, आणि खाली खाट मिळण्याची वाट पाहत दुसरा पेशंट स्ट्रेचरवर. मी एका वहीत वेळा लिहायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं कधी, डिस्चार्जचा कागद तयार झाला कधी, औषधं परत गेली कधी, बिल झालं कधी. चाळीस पेशंटांच्या नोंदी झाल्यावर लक्षात आलं, की खोळंबा बिलाच्या खिडकीवर नव्हताच. उरलेली औषधं वॉर्डातून औषधाच्या दुकानात परत जायला मामा मोकळा नसायचा, आणि ती परत गेल्याशिवाय बिल बंद होत नसे.

ती वही आमच्या मेट्रनबाईंनी पाहिली. "याचं शिक्षण असतं गं," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन म्हणतात त्याला. अर्ज कर."

२००६ साली मी अर्ज केला. ज्या संस्थेत पदवी एवढीच अट होती, टक्क्यांची नव्हती, ती शोधली. लेखी परीक्षा बरी गेली. पण अर्जात एक रकाना होता, शैक्षणिक वाटचालीबद्दल काही सांगायचं असल्यास लिहा. तिथे मी लिहिलं, की दुसऱ्या वर्षी आई गंभीर आजारी होती, रुग्णालयात तिची सेवा करताना अभ्यास राहिला. आईला त्या वर्षी आठ दिवस मलेरियाचा ताप आला होता, एवढंच खरं होतं. घरीच बरी झाली होती.

मुलाखतीला समोर तिघं होते, तिघंही रुग्णालयांत आयुष्य काढलेले. त्यातल्या एका बाईंनी आपुलकीनं विचारलं, "आईंना कुठे ठेवलं होतं? किती दिवस? डिस्चार्जनंतर काय त्रास झाला?" पेशंटच्या मुलीला विचारावं, तसंच. मी एक वॉर्ड सांगितला, मग दिवस सांगितले, मग ते दिवस आधीच्या उत्तराशी जुळेनात. बाईंनी पेन खाली ठेवलं. "बरं," म्हणाल्या. माझ्या बॅगेत ती वही होती. ती बाहेर काढायची वेळच आली नाही.

परतीच्या गाडीत मला ४६ टक्क्यांची नाही, आईची लाज वाटत होती. घरी गेल्यावर तिनं विचारलं, "काय विचारलं गं त्यांनी?" मी म्हटलं, "घरचं विचारलं."

पुढच्या वर्षी त्याच संस्थेत पुन्हा अर्ज केला. त्या रकान्यात तीन वाक्यं लिहिली. मराठी माध्यमातून आल्यावर इंग्रजीतलं शास्त्र मला झेपलं नाही आणि मी वेळेवर मदत मागितली नाही. त्यानंतर चार वर्षं मी रुग्णालयात काम करते आहे. यंदा संध्याकाळच्या वर्गात हिशेब-लेखन शिकून परीक्षा दिली, त्याची गुणपत्रिका जोडली आहे. बस्स. शिफारसपत्र मोठ्या सर्जनचं मिळत होतं, पण त्यांना माझं नावही नीट माहीत नव्हतं. मी मेट्रनबाईंचं घेतलं. त्यात त्यांनी वहीबद्दल लिहिलं होतं.

मुलाखतीत मार्कांचा प्रश्न आला आणि एका मिनिटात संपला. मग धर्मादाय खाटांवर चर्चा झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ साली योजना लागू झाली होती. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. कागदावर खाट आहे, पण खिडकीवरच्या मुलीला नियमच माहीत नसेल तर गरिबाला ती कशी मिळणार, हे मी सांगू शकले, कारण ती खिडकीवरची मुलगी मीच होते. २००७ च्या जूनमध्ये प्रवेश मिळाला. फीसाठी बँकेचं कर्ज काढलं. वडील जामीन राहिले.

आता अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

पहिली, दार कुठलं बंद आहे ते आधी पाहून घ्या. एमबीए किंवा पीजीडीएम या नावानं चालणाऱ्या अभ्यासक्रमांना साधारणपणे पदवीला ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४५. तिथे ४६ टक्केवाल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलानं कितीही सुंदर निबंध लिहिला तरी उपयोग नाही, अर्जाची फी तेवढी जाते. "डोनेशन भरा, करून देतो," म्हणणारा भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. उलट मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत एमएचएला कुठल्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. तिथली वाट प्रवेश परीक्षेतून जाते. दिल्लीच्या एम्समधलं रुग्णालय प्रशासनाचं पदव्युत्तर शिक्षण मात्र एमबीबीएस झालेल्यांसाठीच आहे. टक्केवारी तिन्ही वर्षांची धरतात की शेवटच्या वर्षाची, ४९.६ चे ५० होतात की नाही, हे माहितीपुस्तिकेत वाचा आणि शंका असेल तर लेखी विचारा.

दुसरी, परदेशाची. अमेरिकेत हे शिक्षण जुनं आहे. शिकागो विद्यापीठानं १९३४ साली पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. तिथे चारपैकी तीन ग्रेड-सरासरी ही अट बऱ्याच ठिकाणी दिसते. पण काही विद्यापीठं शेवटच्या दोन वर्षांची सरासरी वेगळी पाहतात, काही सशर्त प्रवेश देतात, म्हणजे पहिल्या सत्रात अमुक ग्रेड मिळवा, मग कायम. हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. माझ्या भाच्यानं तिथल्या प्रवेश कार्यालयाला साधं पत्र लिहिलं, तेव्हा त्याला कळलं.

तिसरी गोष्ट जरा कडू आहे. "मार्कांना काही अर्थ नसतो," असं मी कुणाला सांगत नाही. माझ्या ४६ टक्क्यांना अर्थ होता. पहिल्या सत्रात संख्याशास्त्र आणि वित्तव्यवस्थापन समोर आलं, तेव्हा माझा कच्चा पाया तिथेही माझ्याबरोबर आलेला होता. रोज पहाटे उठून मी बारावीचं गणित पुन्हा काढून बसत असे. खाटांचा वापर किती टक्के, पेशंट सरासरी किती दिवस राहतो, हे आकडे काढता आले नाहीत, तर प्रशासक नुसता फायली हलवतो. तेव्हा कच्चं काय आहे ते अर्ज करण्याआधीच ओळखा, आणि त्या विषयाची एखादी परीक्षा पास होऊन दाखवा. एक वर्ष जाईल. जाऊ द्या.

चौथी, कारण खरं सांगा आणि थोडक्यात सांगा. घरात खरंच आजारपण असेल तर जरूर लिहा, त्यात कमीपणा नाही. नसेल तर आणू नका. मुलाखत घेणाऱ्यांना मार्क दिसतातच. ते पाहत असतात, की हा माणूस चुकीचं काय करतो. कारण उद्या रुग्णालयात चुकीचं औषध दिलं जाईल, ऑक्सिजन वेळेवर येणार नाही, आणि तेव्हा प्रशासकानं खरं लिहिलं नाही तर तीच चूक दुसऱ्या पेशंटच्या वाट्याला येते.

आज नोकरीसाठी आलेल्या मुलामुलींच्या मुलाखती मी घेते. परवा एका मुलाची गुणपत्रिका समोर होती, पदवीला ४८ टक्के. मी विचारलं, "हे कसं झालं?" तो क्षणभर गप्प बसला. मीही गप्प राहिले, त्याला वेळ दिला. मग तो म्हणाला, "मॅडम, क्रिकेट. अभ्यास केलाच नाही." आणि मान खाली न घालता पुढे सांगू लागला, की गेली दोन वर्षं तो मेडिक्लेमच्या टेबलावर काय करतो आहे.

मी पेन हातात घेतलं आणि त्याला म्हटलं, "सविस्तर सांग."