मुलग्याच्या वाट्याचं काम

वाढत्या वयाच्या मुलग्यांचे आईवडील माझ्याकडे सल्ल्याला येतात, तेव्हा तक्रार बहुधा एकच असते: "याला कशातच रस नाही, दिवसभर मोबाईल." मी विचारतो, घरातलं कुठलं काम पूर्णपणे याच्यावर सोपवलंय? आई म्हणते, "त्यानं अभ्यास करावा, बाकी काही नको." मला काळजी वाटते ती याच उत्तराची. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे ज्या मुलानं कधी अनुभवलं नाही, त्यानं आयुष्याचं ध्येय आणायचं कुठून?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे फार आधी ओळखलं. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे साताऱ्याच्या बोर्डिंगात निरनिराळ्या जातींची, गरीब घरची मुलं एकत्र राहू लागली. स्वयंपाक, झाडलोट, शेतातली कामं मुलंच करत. ज्याची पाळी, त्यानं अंग चोरलं तर बाकीच्यांची जेवणं खोळंबणार. मुलं उपाशी राहू नयेत म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. स्वावलंबनाचे धडे तिथे फळ्यावर लिहून द्यावे लागले नाहीत.

आपल्या घरांत मात्र काय चाललंय? २०१९ च्या देशव्यापी सर्वेक्षणात दिवसभरात थोडंफार तरी घरकाम करणाऱ्या स्त्रिया ८१ टक्के निघाल्या, पुरुष २६ टक्के. यात सहा वर्षांपुढची मुलंमुलीही धरली होती. आणि सवय लागते ती याच लहान वयात.

तेव्हा मुलाला "आईला मदत कर" म्हणू नका. एक काम त्याच्या नावावर करा. दहाव्या वर्षी पाणी भरणं, तेराव्या वर्षी कुकर लावणं, आठवड्याचा बाजार हिशेबासकट. सोळाव्या वर्षी आजोबांना दवाखान्यात नेणं आणि डॉक्टर काय म्हणाले ते घरी नीट सांगणं. या कामाचे पैसे देऊ नका. विसरला तर गुपचूप स्वतः करून टाकू नका. शेतकरी घरातला मुलगा राबतोच, पण बियाण्याला किती लागले, दुधाचं बिल किती आलं, हे त्याला कुणी सांगत नाही. त्याला हिशेबाची वही दाखवा.

रिकाम्या वेळेबद्दल थोडंच सांगतो. तालीम असो, कबड्डी असो, ढोलपथक असो की गडावरची भटकंती, तिथे त्याला वयानं मोठा, सज्जन माणूस जवळून बघायला मिळतोय ना, एवढं पाहा. एकट्या आईनं मूल वाढवताना मामाला, काकाला, एखाद्या शिक्षकाला मोकळेपणानं हाक मारावी.

आणि वडिलांनो, "मुलगा असून रडतोस काय" हे वाक्य कृपा करून बंद करा. तुमच्या कामावर आज काय अडचण आली, तुम्ही ती कशी निभावली, हे जेवताना त्याला सांगा. तो ऐकत नसल्यासारखा दिसेल, पण ऐकत असतो.

आज रात्रीच एखादं काम त्याला निवडू द्या. त्यानं भाजी करायचं ठरवलं आणि ती खारट झाली, तर सगळ्यांनी मिळून खा. पुढच्या वेळी मीठ किती घालायचं, ते त्यालाच ठरवू द्या.