गवताचा खेळ

गोल्फ हा खेळ नुसता पाहाणाऱ्यास प्रथम कंटाळवाणाच वाटतो. एक गृहस्थ हातांत लांब दांडी घेऊन उभा आहे, पायाशीं लिंबाएवढा पांढरा चेंडू आहे आणि तीनचारशें वारांवर जमिनींत एक भोंक आहे. त्या भोंकाचा व्यास सव्वाचार इंच. चेंडू तेथपर्यंत न्यावयाचा, व जितक्या कमी फटक्यांत नेतां येईल तितकें बरें. एवढेंच काय तें या खेळाचें सार. चेंडू अडवावयास कोणी येत नाहीं, मागें कोणी धांवत नाहीं, आणि आरडाओरडा तर मुळींच वर्ज्य. विटीदांडूवर वाढलेल्या माणसास ही श्रीमंतांनीं वेळ घालविण्यासाठीं काढलेली युक्ति वाटली तर त्यांत नवल नाहीं. परंतु अशीं १८ भोंकें ओळीनें गांठावयाचीं असतात. एका फेरींत चारपांच मैलांची पायपीट होते, चार तास सहज जातात, आणि एवढ्या अवधींत खेळणाऱ्याच्या ध्यानांत येतें कीं, आपला खरा प्रतिपक्षी शेजारीं चालणारा सोबती नव्हे. तो आहे पायाखालचें गवत.

या मैदानावरच्या गवताच्या प्रती ठरलेल्या असतात. जेथून चेंडू मारावयाचा तेथें एक प्रकारचें, मधल्या लांब पट्ट्यांत दुसऱ्या प्रकारचें, कडेला मुद्दाम वाढूं दिलेलें तिसरें. आणि भोंकाच्या भोंवतालचें, ज्याला ग्रीन म्हणतात, तें इतकें बारीक कापलेलें असतें कीं त्याची उंची तीनचार मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी. तेथें चेंडू मारावयाचा नसतो, ढकलावयाचा असतो. आणि गवताचा कल कोणीकडे आहे, सकाळचें दंव वाळलें कीं नाहीं, एवढ्यावर चारसहा बोटांचा फरक पडून चेंडू भोंकाच्या कडेनें निघून जातो. चांगल्या चांगल्या शांत प्रकृतीच्या माणसांचा तोल जातो तो येथें.

हा खेळ स्कॉटलंडच्या समुद्रकांठचा. तेथील वाळवंटी जमिनीवर पाऊस रोजचा, ऊन सौम्य, आणि गवत कुरतडून सारखें ठेवावयास मेंढ्या व ससे फुकट. सेंट अँड्र्यूज येथें १७६४ सालीं २२ भोंकांची फेरी कमी करून १८ वर आणली गेली व पुढें जगानें तोच आंकडा मानला. इंग्रजांबरोबर खेळ इकडे आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना मानतात. मुंबईचा १८४२ चा. चेंबूरचें मैदान त्या मानानें अलीकडचें, १९२७ सालचें. खेळ आला, पण स्कॉटलंडचें गवत कांहीं बोटींतून येऊं शकलें नाहीं. आलें असतें तरी इकडच्या वैशाखांत तें आठ दिवसहि तगलें नसतें. कित्येक लहान लष्करी ठाण्यांतून यावर तोड निघाली ती अशी कीं, हिरव्या ग्रीनच्या जागीं तेल मिसळलेल्या वाळूचें वर्तुळ करावयाचें व त्याला ब्राऊन म्हणावयाचें. एक पोरगा गोणपाट ओढून ती वाळू सारखी करी, व साहेब तीवर चेंडू ढकलीत.

पुढें उष्ण देशांसाठीं योग्य गवत सांपडलें, आणि तें कोणतें हें ऐकून कोणाहि मराठी गृहिणीस मौज वाटेल. इंग्रजींत ज्याला बर्म्युडाचें गवत म्हणतात तें म्हणजे आपली हरळी, म्हणजेच दूर्वा. गणपतीच्या मस्तकावर जिच्या २१ काड्यांची जुडी चढते, ती हीच. वऱ्हाडांतला शेतकरी काळ्या रानांतून जिच्या काशा खणतां खणतां कंबर मोडून घेतो आणि जी तरीहि पुढल्या मृगांत पुन्हा डोकें वर काढते, तीहि हीच. तिच्याच निवडक व संकरित जाती फ्लॉरिडापासून थायलंडपर्यंतच्या विश्रामधामांतून मखमलीसारख्या अंथरलेल्या आहेत. एका ठिकाणीं पूजा, दुसऱ्या ठिकाणीं शिव्या आणि तिसऱ्या ठिकाणीं खत, पाणी, रोजची हजामत. एकाच वनस्पतीच्या वाट्याला इतक्या निरनिराळ्या तऱ्हा क्वचितच आल्या असतील.

परंतु ही मखमल स्वस्त नाहीं. अठरा भोंकांच्या मैदानाला सव्वाशें ते पावणेदोनशें एकर जमीन लागते, आणि उन्हाळ्यांत ती हिरवी ठेवावयाची तर रोज लाखों लिटर पाणी. माहितीपत्रकांतल्या चित्रांत निळा समुद्र, माड आणि हिरवळ एवढेंच दिसतें. पूर्वीं त्या जागीं काय होतें, तें दिसत नाहीं. गोव्याच्या उत्तर टोकाला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून तेरेखोल म्हणून एक लहानसें गांव आहे. तेथें गोल्फच्या मैदानासह मोठें विश्रामधाम उभारण्याची योजना निघाली, तेव्हां काजूच्या बागा कसणाऱ्या कुळांनीं ती जमीन आपली म्हणून वर्षानुवर्षें विरोध केला व प्रकरण न्यायालयांत गेलें. खेळ वाईट, असें तेथें कोणाचेंच म्हणणें नव्हतें. प्रश्न जमिनीचा होता.

दक्षिण आफ्रिकेंत याच्या उलट एक गंमत आहे. क्रूगर या प्रचंड अभयारण्यांत स्कुकुझा येथें नोकरवर्गाच्या करमणुकीसाठीं १९७२ सालीं नऊ भोंकांचें मैदान केलें गेलें, आणि त्याला कुंपण नाहीं. हरणें ग्रीनवर चरतात, रानडुकरें बंकरांत लोळतात, शेजारच्या पाण्यांतून पाणघोडे डोकावतात. जिवाला कांहीं झाल्यास जबाबदारी आमची आम्हांवर, असें लिहून देऊन लोक तेथें खेळतात. माणसानें खेळावयाचें तर दुसऱ्याच्या घरांत पाहुण्यासारखें खेळावें, हा त्यांतला विचार चांगला आहे. पाहुणचारांत बिबळ्याचाहि समावेश असला तरी.

त्या मैदानाची आठवण करून देणारा मुलूख महाराष्ट्रांत कोणता, असें विचारल्यास बोट चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांवर पडेल. १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. जुने लोक अजून चांदा असेंच म्हणतात. सागवान आणि बांबू यांचें रान, मधून मधून गोंड राजांनीं व गांवकऱ्यांनीं बांधलेले तलाव, आणि मे महिन्यांत ४६-४७ अंशांवर चढणारा पारा. इकडल्या विश्रामधामांत पाहुणा उतरतो तो चेंडू मारावयास नव्हे. मोहर्ली, कोलारा, नवेगांव या दारांशीं तो पहांटे उघड्या जिप्सी गाडींत बसतो आणि ताडोबाच्या रानांत फेरीला निघतो. तरी गोल्फ खेळलेल्या माणसास या फेरींत पुष्कळ ओळखीचें आढळेल. तशीच भल्या पहांटेची वेळ, तसेंच हलक्या आवाजांत बोलणें, तशीच ठरलेली वाट. चेंडू जेथें पडला असेल तेथूनच खेळावयाचा, हा गोल्फचा मूळ नियम. येथेंहि गाडींतून खालीं उतरावयाचें नाहीं, वाट सोडावयाची नाहीं, समोर जें येईल तेंच पाहावयाचें. आणि वाघ न दिसतां परतलेला पाहुणा गाईडवर जो राग काढतो, तो हरलेल्या खेळाडूनें आपल्या दांडीवर काढलेल्या रागाहून निराळा नसतो.

गोल्फमध्यें दांड्यांची पिशवी वाहाणारा जो कॅडी, तोच या फेरींत गाईड होय. मैदानाचा उतार खेळाडूपेक्षां कॅडीला अधिक कळतो. दिल्लीच्या क्लबांत कॅडी म्हणून वाढलेला अली शेर १९९१ सालीं इंडियन ओपन जिंकला. भारतीय धंदेवाईक खेळाडूंत तो मान मिळविणारा पहिला. ताडोबाचा गाईड जवळपासच्याच गांवचा तरुण, आणि आतां कांहीं तरुणीहि हें काम करतात. धुळींत उमटलेला माग आजचा कीं कालचा, हें ते गाडी न थांबवितां सांगतात. वानर झाडावरून खेकसलें, त्यापाठोपाठ चितळानें तीव्र हांक दिली आणि सांबर ठणकावून भोंकलें, म्हणजे गाडी कोणत्या वळणावर उभी करावयाची हें त्यांना ठाऊक असतें. लहानपणीं याच रानाच्या कडेला गुरें वळतांना जें शिकलें गेलें, त्यालाच आतां शिक्कामोर्तब मिळालें आहे.

येथेंहि खेळ गवताचाच. ताडोबाचें राष्ट्रीय उद्यान १९५५ सालीं सुमारें ११६ चौरस किलोमीटरांचें झालें, १९८६ सालीं अंधारीचें अभयारण्य झालें, आणि १९९५ सालीं दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. वाघाला चितळ पाहिजे, चितळाला गवत पाहिजे, आणि घनदाट बांबूंत गवत वाढत नाहीं. मग मोकळें रान आणावयाचें कोठून? तें आलें गांवांतून. बोटेझरीचें स्थलांतर २००७ सालीं झालें. त्यानंतरच्या कांहीं वर्षांत नवेगांव आणि जामणी उठलीं. २००८ च्या योजनेप्रमाणें दर कुटुंबास दहा लाख रुपये मोबदला ठरला होता. जेथें घरें होतीं आणि धान होतें तेथें आतां विस्तीर्ण कुरणें आहेत. तरोटा फुलावर येण्यापूर्वीं उपटून काढावा लागतो, रानतुळस खणावी लागते, नाहींतर चांगलें गवत दबून जातें. ही निगा ग्रीन राखणाऱ्या माळ्याच्या निगेहून कमी नाहीं. फक्त कापणीचें काम यंत्राऐवजीं चितळांचे दांत करतात. संध्याकाळच्या उन्हांत शेंदोनशें चितळें तेथें उतरलेलीं पाहून पाहुण्यांचे कॅमेरे सरसावतात. त्या गवताखालीं कोणाचें तरी अंगण आहे, हें त्यांना कोणी सांगत नाहीं. सांगणारा गाईड क्वचित् त्याच गांवचा असूं शकतो.

यावरून स्थलांतर अन्यायाचेंच झालें असा निवाडा देणें बरोबर होणार नाहीं. रस्ता, शाळा, दवाखाना यांसाठीं कित्येक कुटुंबें आपण होऊन बाहेर पडावयास तयार होतीं. कित्येकांना तीं झाडें आणि देव सोडवेनात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

वनस्पतिशास्त्राप्रमाणें बांबू हेंहि गवतच, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. सरकारी कायद्यास मात्र तें फार दिवस मान्य नव्हतें. त्याच्या लेखीं बांबू म्हणजे झाड, आणि झाड म्हणजे वनखात्याचें. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गांवानें हा शब्दाचा वाद कसाला लावला. २००६ च्या वनाधिकार कायद्यानें बांबूला गौण वनोपजांत घातलें होतें. त्या आधारें २००९ सालीं गांवाला सुमारें १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्काचा कागद मिळाला. तरी तोडलेला बांबू गांवाबाहेर नेण्याचा परवाना मिळेना. शेवटीं २०११ च्या एप्रिलांत तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश स्वतः त्या गांवीं आले आणि परवान्याचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं दिलें. गवत कोणाचें, या प्रश्नाला दिल्लीहून मंत्र्यास यावें लागावें, यांत त्या प्रश्नाचें वजन आलें.

आणखी एक गवत उरतें: धान. नागभीड तालुक्यांतल्या नांदेड गांवच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्यानें आपल्या शेतांतल्या निराळ्या दिसणाऱ्या लोंब्या वर्षानुवर्षें निवडून जो बारीक तांदूळ तयार केला, तो त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नांवावरून एचएमटी या नांवानें शहरांतल्या पुष्कळ घरांत शिजतो. हें धान रानाच्या अगदीं कडेला उभें असतें. रानडुकरें त्यावर येतात, डुकरांच्या मागें वाघ येतो. आणि व्याघ्रप्रकल्पाला कुंपण नाहीं, तें स्कुकुझाप्रमाणेंच. फरक एवढाच कीं, येथें कडेला उभ्या असलेल्या माणसानें कसलेंहि लिहून दिलेलें नाहीं. अलीकडच्या वर्षांत चंद्रपूर जिल्ह्यांत दरसाल डझनांनीं माणसें वाघाच्या हल्ल्यांत गेलीं. मार्च-एप्रिलांत मोहफुलें वेंचावयास आणि मे महिन्यांत तेंदूपानें तोडावयास बायका पहांटेच रानांत शिरतात. वेंचतांना व तोडतांना त्या वांकलेल्या असतात, आणि वाघाला वांकलेलें माणूस माणसासारखें दिसत नाहीं. २०२५ च्या मे महिन्यांत सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपानांसाठीं गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं मारल्या गेल्या. पाहुण्यांच्या गाड्यांची सर्वांत अधिक गर्दी होते तीहि याच महिन्यांत. पाणवठे आटलेले असतात आणि वाघ हमखास दिसतो.

ताडोबा तलावाच्या कांठीं तारू देवाचें ठाणें आहे. तारू हा गांवचा प्रमुख. वाघाशीं झुंजतांना तो मेला आणि लोकांनीं त्याला देव केलें, असें सांगतात. रानाला नांव मिळालें तें त्याचें. पौषांत तेथें यात्रा भरत असे.

संध्याकाळीं दार बंद होण्याच्या वेळेस गाड्या एकामागून एक परततात. पाहुणे उतरून धूळ झाडतात, कोणाला किती वाघ दिसले याचा हिशेब होतो, आणि विश्रामधामाच्या हिरवळीवर चहा येतो. गाईड आपल्या नांवापुढें सही करतो, मफलर कानांवर ओढतो आणि मोटारसायकल काढतो. गांव चारपांच किलोमीटर, वाट रानांतूनच. पोहोंचतांच भाकर खाऊन त्याला धानाच्या राखणीस मचाणावर जावयाचें असतें; डुकरांची पाळी रात्रीं दहानंतर सुरू होते.