कंपनी बंद पडली, गाडी चालू आहे

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा विषय त्यांनीच सुचवला होता. कम्प्युटरवर बोल, एआयवर बोल, मुलांच्या करिअरबद्दल काहीतरी सांग. मी म्हटलं, आपल्या वयाच्या माणसांना जेवणाच्या आधी एआय ऐकवणं बरं नव्हे. मी मोटरसायकलवर बोलते. पलीकडे जरा वेळ कुणी बोललंच नाही. मग आवाज आला, "मोटरसायकल? म्हणजे स्कूटी का?" नाही. मोटरसायकल. येझदी.

आपली दहावी झाली त्याच वर्षी, १९९६ साली, म्हैसूरचा येझदीचा कारखाना बंद पडला. आपण तेव्हा निकालाच्या काळजीत होतो, आपल्याला कोण सांगणार? गाडी बंद, सुटे भाग बंद, कारखान्याला कुलूप. तरी आजही दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशातल्या कितीतरी गावांत, भर पावसात, माणसं आपापल्या जावा-येझदी घेऊन जमतात. त्याला आंतरराष्ट्रीय जावा दिवस म्हणतात. मीही जाते. ज्या कंपनीने यांना वाऱ्यावर सोडलं, तिच्या नावाचा टी-शर्ट घालून चाळीस-पन्नास माणसं पावसात का उभी राहतात, हा प्रश्न मला पहिल्या वर्षी पडला. आज त्याच्यावरच बोलायचं आहे.

आधी थोडा इतिहास, इतिहासाच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून. चेकोस्लोव्हाकियात जानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ मध्ये 'वाँडरर' या जर्मन कंपनीकडून मोटरसायकल बनवायचे हक्क विकत घेतले. जानेचेकचा 'जा' आणि वाँडररचा 'वा', झाली 'जावा'. १९६० साली म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी निघाली आणि पुढच्या वर्षापासून तिथं जावा तयार होऊ लागल्या. १९७३ पासून त्याच गाडीचं नाव झालं येझदी, इराणातल्या यझ्द शहरावरून. कारण कंपनी काढणाऱ्यांचं आडनावच इराणी. म्हणजे जर्मन मूळ, चेक बारसं, इराणी आडनाव आणि म्हैसूरचं पाणी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या घरची येझदी तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. सातवीपर्यंत बाबा मला तिच्यावरून शाळेत सोडायचे. एक सिलिंडर आणि दोन सायलेन्सर, त्यामुळे आम्ही कोपऱ्यावर आहोत हे प्रार्थनेच्या रांगेला कळायचं. गणिताचे सर म्हणायचे, "आली बघा साखर कारखान्याची चिमणी." धुराबद्दल सरांचं काही चुकत नव्हतं. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं. माझी मुलगी मला आजही यावरून ऐकवते आणि माझ्याकडे तिला देण्यासारखं उत्तर नाही. महिन्यातून दोनदाच काढते, एवढंच सांगते.

बाबा २०१४ साली गेले. गाडी पडवीत पोत्यांखाली होती. आई म्हणाली, विकून टाक, जागा अडते. भंगारवाला आला, त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि वजनावर भाव सांगितला. इतकी वर्षं ज्या वस्तूचा आवाज ऐकून आपण दप्तर उचललं, तिचा भाव किलोत ऐकून मला राग आला. त्याच्यावर नव्हे, त्याचा तो धंदाच आहे. मी गाडी टेंपोत घालून पुण्याला नेली. तिथल्या एका मोठ्या, काचेच्या शोरूमवाल्या गॅरेजमध्ये विचारलं तर तिथल्या मुलाने अंगठ्याने स्क्रीन वर-खाली केली आणि म्हणाला, "मॅडम, हे मॉडेल सिस्टिममध्येच नाहीये."

हे वाक्य मी रोज दुसऱ्यांना ऐकवते, त्यामुळे ओळखीचं वाटलं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला 'एंड ऑफ लाइफ' म्हणतात. कंपनी एक तारीख जाहीर करते, त्यानंतर तो प्रोग्रॅम बिघडला तर तुमचं तुम्ही बघा. मी स्वतः अशी पत्रं लिहिली आहेत, अगदी नम्र भाषेत. पण त्या तारखेनंतरही तो प्रोग्रॅम वापरणारे लोक असतातच. बँकेत असतात, दवाखान्यात असतात. ते एकमेकांना शोधून काढतात आणि आपसांत दुरुस्त्या वाटत बसतात. येझदीवाले नेमकं हेच करत होते, फक्त हात काळे करून.

पहिल्यांदा गेले तेव्हा गाडी चालू नव्हती, टेंपोतूनच नेली होती. पाऊस पडत होता. एक पोट सुटलेले गृहस्थ पुढे आले. मी नाव सांगायला लागले तर म्हणाले, "ओळख नंतर, मॅडम. आधी प्लग काढा, ओला झाला असेल." दहा मिनिटांत माझ्या गाडीभोवती सात जण उकिडवे बसले होते. त्यात एक हाडांचे डॉक्टर, एक रिक्षावाले, एक निवृत्त पोस्टमन. कुणी पॉलिश पेपर काढला, कुणी सीबी पॉइंट साफ केले. मला त्यांनी बाजूला उभं केलं नाही, याचं मला फार वाटलं. माझ्या हातात पाना दिला. बायकांना गाडीजवळ छत्री धरायला उभं करायची आपल्याकडे पद्धत आहे. त्या दिवशी छत्री डॉक्टरांनी धरली होती. क्लचच्या प्लेटा गेल्या होत्या. रिक्षावाल्या काकांनी पिशवीतून जुन्या पण चांगल्या प्लेटा काढून दिल्या. पैसे विचारले तर म्हणाले, "नकोत. उद्या दुसऱ्या कुणाची अडली तर तुम्ही द्या." दुसऱ्या वर्षी मी 'मॅडम'ची 'ताई' झाले. आता तर लांबूनच ओरडतात, "ए सातारा, तेल आणलंस का?"

गाडी घरी नेऊन पहिल्यांदा चालू केली तेव्हा आई दारात आली, पदराने नाक धरलं आणि म्हणाली, "अजून तेवढाच धूर करते होय?"

आता माझं मत सांगते, पटलं तर घ्या. कंपनीवर निष्ठा वगैरे जे म्हणतात, ती कंपनीवर नसतेच. रस्त्यात गाडी बंद पडल्यावर कोण थांबतं, त्याच्यावर ती असते. कंपन्यांना हे चांगलं कळतं. हार्ले-डेव्हिडसनचंच बघा. सत्तरच्या दशकात त्या गाड्यांचा दर्जा घसरला, गिऱ्हाईक तुटलं. १९८१ मध्ये कंपनीच्याच अधिकाऱ्यांनी ती मालकांकडून विकत घेतली आणि १९८३ मध्ये हार्लेवाल्यांचा संघ काढला. म्हणजे मैत्री हीसुद्धा कारखान्यातून बाहेर पडू लागली, इंजिनासारखी. मी हे कुत्सितपणे म्हणत नाही, तिथं खरे मित्र झाले असणारच. पण २०२० च्या सप्टेंबरमध्ये हार्लेने भारतातला कारखाना आणि विक्री आवरती घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा इथल्या मालकांना एका सकाळी कळलं की जॅकेट आपलं असलं तरी घर भाड्याचं आहे. पुढे हीरोबरोबर करार झाला, गाड्या पुन्हा आल्या, तो भाग निराळा.

गोव्याला वागातोरमध्ये बुलेटवाल्यांचा मोठा मेळावा भरायचा, तोही मी पाहिला आहे. भव्य प्रकार. गाणी, दिवे, दुकानं, गाडीपेक्षा महाग जॅकेटं. मजा येते, नाही म्हणत नाही. पण तिथं गाडी बंद पडली तर कंपनीचा तंबू आहे, गणवेशातला मेकॅनिक आहे. कुणाला कुणाची गरज लागत नाही. आमच्याकडे तंबू नाही. एक तर तुम्ही शेजाऱ्याला हाक मारता, नाहीतर पावसात बसता. अडचणीने जी ओळख होते ती वेगळी, हे आपल्याला गावाकडून आलेल्यांना सांगायला नको.

बुलेटवाले वाईट असतात असं मात्र समजू नका. एकदा खंबाटकी घाट चढताना माझी गाडी तापून बंद पडली. मागून एक जुनी बुलेट आली, उजव्या पायात गिअर असलेली. गृहस्थ साठीचे. त्यांनी आपला प्लग-पाना दिला, तो माझ्या प्लगला बरोबर बसला, आणि गाडी गार होईपर्यंत पाऊण तास माझ्यासोबत कठड्यावर बसले. तेवढा वेळ मला चिडवत होते. "तुमच्या कंपनीने केव्हाच दुकान बंद केलं. आमची बघा, विलायतेतली बंद पडली तरी मद्रासची चालूच आहे." मी त्यांच्या गाडीखालचा तेलाचा डाग दाखवला. ते म्हणाले, "तेल गळतंय म्हणजे आत आहे. गळायचं थांबलं की काळजी करायची." निघताना मी त्यांचा नंबर घेतला. अजून दर दिवाळीला आम्ही एकमेकांच्या कंपनीला श्रद्धांजलीचे मेसेज पाठवतो.

पण या प्रेमाची एक बाजू मला आवडत नाही आणि ती आपल्या लोकांसमोर बोलायला हवी. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये नव्या कंपनीने जावा पुन्हा बाजारात आणली. फोर-स्ट्रोक इंजिन, पाण्याने थंड होणारं. जुन्यांना बरं वाटावं म्हणून सायलेन्सर मात्र दोनच ठेवले. पुढच्या एका मेळाव्याला एक पोरगा नवी कोरी जावा घेऊन आला. आजोबांची जावा होती, म्हणून याने कित्येक महिने वाट बघून ही घेतलेली. आमच्यातल्या एकाने त्याला सांगितलं, "ती गाडी तिकडे लावा, झाडापलीकडे. इथं फक्त खऱ्या गाड्या."

मला ते फार लागलं. जर्मन हक्कावर जन्मलेली, चेक नाव लावलेली, म्हैसूरला वाढलेली गाडी आपण 'खरी' म्हणून मिरवतो आणि या पोराच्या गाडीचं कूळ विचारतो? मी तसं बोलले, जरा मोठ्यानेच. दोघांनी माझ्याशी बोलणं बंद केलं, त्यातल्या एकाचं अजून बंद आहे. रिक्षावाल्या काकांनी काही न बोलता स्वतःची गाडी उचलली आणि झाडापलीकडे त्या पोराशेजारी नेऊन लावली. मग मी नेली. मग डॉक्टरांनी. शेवटी झाडाच्या अलीकडे चारच गाड्या उरल्या.

हा प्रश्न नुसता मानापमानाचा नव्हता. आमच्या गाड्या ज्यांच्या जिवावर चालतात ते मिस्त्री आता सत्तरीच्या पुढे आहेत. जुन्या गावात बोळातलं दुकान, वर पाटीसुद्धा नाही. ते गाडी बघत नाहीत, ऐकतात. माझी गाडी पहिल्यांदा नेली तेव्हा पाठ करूनच बसले होते, तसेच बसून म्हणाले, "ताई, गाडी आजारी न्हाई, उपाशी हाय." कार्बोरेटरचा जेट तुंबला होता. फीलर गेज त्यांच्या खणात आहे, पण मी ते त्यांना वापरताना पाहिलेलं नाही. गेल्या वर्षी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मुलगा माझ्याच धंद्यात आहे, बंगळुरूला, आणि तो परत येऊन पाना धरेल अशी कुणाची अपेक्षा नाही, त्यांचीही नाही. ते गेले की त्यांच्या कानात जे आहे ते सगळं जाईल. मग आम्ही टी-शर्ट घालून उभे राहू, आणि समोर भंगार असेल.

म्हणून दीड वर्ष झालं, मी रविवारी सकाळी त्यांच्याकडे जाऊन बसते. ते काम करतात, मी फोनवर आवाज टिपते: चांगल्या इंजिनाचा, पिस्टन ढिला असलेल्याचा, टायमिंग चुकलेल्याचा. प्रत्येकाखाली ते काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. आतापर्यंत तीन वह्या झाल्या. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी एवढ्या मन लावून लिहिल्या नव्हत्या, आणि इथं परीक्षा नाही. पण वहीने बोल्ट आवळता येत नाही. हात लागतो. आणि शेजारी बसून तो हात शिकतोय कोण, तर नव्या जावावाला तो पोरगा. स्वतःची गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला देतो आणि रविवारी इथं येऊन आमच्या म्हाताऱ्या गाड्यांचे क्लच उघडतो. किती दिवस टिकेल माहीत नाही, त्याचं लग्न ठरलंय.

दुसरी अडचण कागदांची. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि मग दर पाच वर्षांनी पुन्हा तेच. २०२२ मध्ये मोटरसायकलची फी ३०० वरून १,००० झाली होती. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना २०२१ च्या नियमाने वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, पण ती गाडी मग रोज वापरायची नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच काढायची. माझी त्या वयात बसायला अजून वेळ आहे. बसली तरी मी तो अर्ज करेन असं वाटत नाही. तिला मंडईत न्यायची मला सवय झाली आहे.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, आणि स्वयंपाकघरातून वासही येतोय. गाडी आणली आहे. बाहेर सायकल स्टँडजवळ लावली आहे, बाबा लावायचे तिथंच. ज्यांना किक मारून बघायची असेल त्यांनी जरूर मारा, फक्त एक लक्षात ठेवा: हिची किक आणि गिअर एकाच दांड्यात आहेत. दांडा आधी आत दाबायचा, मग मागे फिरवून किक मारायची. आणि चालू झाली की तो परत पुढे घ्यायचा, नाहीतर गिअर पडणार नाही. सर, पहिली किक तुमची.