वृक्षांची तहान कशी मोजावी?

कुंडींतल्या तुळशीला दोन दिवस पाणी चुकलें, कीं ती मान टाकते आणि घरांतील कोणाच्याहि ध्यानांत तें येतें. देवदार, पाइन यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या सुईसारख्या पानांचा हिरवा रंग मरण ठरून गेल्यावरहि कांहीं काळ टिकतो. म्हणून त्यांची तहान नुसती पाहून कळत नाहीं. ती मोजावी लागते.

वृक्षाच्या खोडांत सूक्ष्म नलिका असतात. पानांतून बाष्प निघून जाऊं लागलें, कीं नलिकांतील पाण्याचा धागा वर ओढला जातो. जमीन सुकेल तसा हा ताण वाढतो. शेवटीं धागा तुटतो, नलिकेंत हवा शिरते आणि ती निकामी होते. हा ताण मोजण्याची सोपी रीत शोलँडर व त्यांचे सहकारी यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केली. डहाळी कापून बंद पात्रांत ठेवावयाची, कापलेलें टोंक तेवढें बाहेर ठेवावयाचें आणि आंत वायूचा दाब वाढवीत न्यावयाचा. ज्या दाबाला टोंकावर पाणी दिसूं लागतें, साधारण तितकाच ताण त्या डहाळींत होता असें समजावें. हें माप पहाटे घेतलें, तर जमिनींत ओल किती उरली आहे तेंहि कळतें.

दुसरें माप सहनशक्तीचें. कोणत्या ताणाला फांदीची पाणी वाहण्याची शक्ति निम्मी होते? सूचिपर्णी वृक्षांत ही मर्यादा मरणाच्या उंबरठ्याशीं असते, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलें. ऑस्ट्रेलियांतील कॅलिट्रिस ट्यूबरक्युलाटा या जातीची मर्यादा वातावरणाच्या दाबाच्या सुमारें १८५ पट आहे. या दोन मापांमधील अंतर ही वृक्षाची शिल्लक.

परंतु शिल्लक पाहिली तरी खर्चाची रीतहि पाहावी लागते. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यांत २००२-०३ च्या अवर्षणांत पिन्यन पाइन आणि जुनिपर शेजारीं शेजारीं उभे होते. पिन्यन काटकसरी, ताण वाढतांच तो पानांचीं रंध्रें मिटून घेतो. जुनिपरच्या नलिका अधिक ताण सोसतात, म्हणून तो तीं बराच वेळ उघडीं ठेवतो. तरी मेले ते मुख्यतः पिन्यनच. लॉस अलामॉसजवळच्या एका अभ्यासक्षेत्रांत तर ९० टक्क्यांहून अधिक. रंध्रें मिटलीं कीं पाणी वांचतें, पण अन्न तयार होणेंहि थांबतें. आणि दुबळ्या वृक्षांवर साल पोखरणारे भुंगेरे तुटून पडतात.

म्हणून वनपालानें एका आकड्यावर विसंबूं नये. पहाटेचा ताण, नलिकांची सहनशक्ति आणि रंध्रें मिटण्याची वेळ हीं तिन्ही एकत्र मांडावीं. मग कोणतें वन धोक्यांत आहे तें आधींच कळतें, आणि दाटी विरळ करून उरलेल्या वृक्षांच्या वांट्याला अधिक ओल देतां येते. पानें करपल्यावर या उपायाचा कांहींएक उपयोग नसतो.